रोज एकाच वाटेनं फिरायला जाता की वाट बदलता?

पांदणवाट · ७ फेब्रुवारी
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावी मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि गावातच राहते. शाळा भरायच्या आधी गावखारीच्या पांदणीनं नाल्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेनं परत यायचं, हा माझा नेम. जाऊन-येऊन पाऊण तास लागतो.

माझी बहीण यवतमाळला असते. ती म्हणते, रोज तोच रस्ता म्हणजे कंटाळा, आज इकडं जा, उद्या तिकडं जा. मला तर वाट तीच असते म्हणूनच मजा येते. काल काय होतं ते पक्कं माहीत असलं की आज काय नवं आहे ते लगेच नजरेत भरतं. मधल्या धुऱ्यावर एक पळस आहे. पंधरवड्यापूर्वी त्याच्या फांद्यांवर नुसत्या काळपट, मखमली कळ्या होत्या. मग एका फांदीच्या टोकाला केशरी दिसलं. आता अर्धं झाड फुललंय आणि सकाळी मैना, कोतवाल, सातभाई यांची त्यावर झोंबाझोंबी चालते. मी मधूनच कधीतरी तिथून गेले असते तर मला एकदम फुललेला पळस दिसला असता, एवढंच.

तुरी निघाल्या. पऱ्हाटीचं शेवटचं बोंड वेचून झालं, काही जणांनी उपटलीसुद्धा. हरभऱ्याचे घाटे वाळायला लागलेत. एका वावरातल्या जुन्या निंबाच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी राहते. मी जवळ आले की एक आत शिरतो आणि दुसरा मान खालीवर करत माझ्याकडं बघत बसतो.

तर विचारायचं ते असं. तुम्ही एकच वाट धरता की बदलता? वाटेत काय भेटतं? आणि आपल्या खेड्यांत नुसतं फिरायला म्हणून कोणी निघतं का? सविस्तर लिहा, मला खरंच वाचायचं आहे.

वऱ्हाडी_ठेचा · ७ फेब्रुवारी
मॅडम, आमच्या दर्यापुराकडं बिनकामाचा मानूस पांदनीत दिसला की लोक दोनच गोष्टी इचारते. ढोर हारपलं काय? नाई तं, सोयरीक पाहाले आले काय? मी म्हनतो फिराले आलो, त थे म्हनते, "बरं बरं, नका सांगू."

आमचा भाग खारपानपट्ट्यातला. पानी खारं, जमीन सपाट, झाडं कमी. पन झाडं कमी म्हनूनच आभाय मोठं दिसते. हिवाळ्यात धुवारी पडली की समोरचा मानूस दिसत नाई, नुसता खोकला आयकू येते. मी खोकल्यावरून वळखतो कोन येऊन राह्यलं थे.

माहं मत इचारसान त वाट एकच ठेवावं, टाइम बदलवावं. सकाई अन् सांजच्याला थोच रस्ता येगयाच राह्यते.

दोन_एकर · ८ फेब्रुवारी
राग मानू नका, पण हे फिरणं नोकरदारांचं. डवरणीच्या दिवसांत मी डवऱ्यामागं जेवढा चालतो त्यात तुमचा पाऊण तास कितीदा बसेल ते तुम्हीच मोजा. फवारणीत पाठीवर पंप घेऊन चालतो ते वेगळंच. रात्री पाठ टेकली की झोप. शेतकऱ्याला फिरायला जा म्हणणं मला पटत नाही. त्याच्या घरवालीला तर म्हणूच नका. ती दिवसभर वाकून कापूस वेचते आणि घरी कंबर धरून येते.

धाम_काठ · ८ फेब्रुवारी
दोन_एकर भाऊ, कष्टाचं चालणं तुम्ही म्हणता तसंच आहे, त्यात दुमत नाही. पण एक विचारतो. सोयाबीन काढून झालं, वावर मोकळं आहे, हाताला काम नाही, अशा दिवसांत तुम्ही सांजच्याला वावरात चक्कर मारता की नाही? आमचे बाबा मारायचे. हातात विळा नाही, खांद्यावर काही नाही, धुऱ्याधुऱ्यानं हिंडून यायचे. आई विचारायची, काय करून आले? "वावर पाहून आलो." मी यालाच फिरणं म्हणतो.

मी सेवाग्रामच्या जवळचा. गांधीजी १९३६ मध्ये इथं राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं, सेवाग्राम झालं ते १९४० मध्ये. सकाळ-संध्याकाळचं फिरणं हा त्यांचा नेम. दुरून भेटायला आलेल्या कित्येकांना त्यांच्याशी बोलायला त्या चालण्यातच वेळ मिळायचा. दांडीयात्रेत जवळपास ३८५ किलोमीटर चाललेला माणूस इथं आमच्या काळ्या मातीतल्या रस्त्यानं रोज हिंडायचा, याचं मला लहानपणापासून अप्रूप आहे. पलीकडं पवनार. विनोबा मार्च १९५१ मध्ये तिथून पायी तेलंगणाकडं निघाले, एप्रिलात पोचमपल्लीला भूदान सुरू झालं, आणि मग १९६४ पर्यंत ते देशभर चालतच होते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना म्हणूनच चालण्याचं नवल वाटत नाही. त्यांना गाडीवर बसून पानठेल्यापर्यंत जाणाऱ्या पोरांचं नवल वाटतं.

आता प्रश्नाचं उत्तर. धामच्या काठानं माझी एकच वाट आहे. मी फक्त फेरी उलटी करतो. चार दिवस देवळाकडून सुरुवात, मग चार दिवस पुलाकडून. उलट्या बाजूनं आलं की तीच झाडं ओळखायला क्षणभर वेळ लागतो. मला ते फार आवडतं.

दोन_एकर · ८ फेब्रुवारी
वावर पाहायला जातो, हे खरं. पण ते फिरणं नव्हे. रोही (नीलगायी) शिरले काय, कुंपण पडलं काय, हे पाहायचं असतं.

धाम_काठ · ८ फेब्रुवारी
मे महिन्यात वावरात काहीच नसतं, तेव्हा रोही काय खायला शिरतात भाऊ?

दोन_एकर · ९ फेब्रुवारी
मेमध्येही जातो. नांगरलेल्या वावरात जाऊन उभं राहावं वाटतं. ढेकळं तापलेली असतात, सांजच्याला वारा सुटतो. बरं वाटतं. तुम्ही त्याला काय म्हणायचं ते म्हणा.

मोहफूल · ९ फेब्रुवारी
तुमचं सगळ्यांचं वाचून छान वाटलं जी, पण आमच्याकडं पहाटेचं फिरणं जमतच नाही. मी सिंदेवाहीकडची. ताडोबा एका बाजूला, ब्रह्मपुरीचं जंगल दुसऱ्या बाजूला, मध्ये आमचं गाव. दिवस चांगला वर आल्याशिवाय कोणी एकटंदुकटं गावाबाहेर पडत नाही. वन विभागाची माणसंही तेच सांगून जातात. मोहाच्या दिवसांत तर जास्तच जपावं लागते. फूल पहाटे गळते, ते वेचायला माणूस खाली वाकलेला असतो, आणि वाघाला तो माणूस वाटतच नाही. त्या दिवसांत दरवर्षी कुठून ना कुठून वाईट बातमी येते. आम्ही वेचायला जातो ते घोळक्यानं, बोलत, भांडी वाजवत.

म्हणून आमचं फिरणं गावातल्या गावात, जेवणं झाल्यावर. आखरापासून मारुतीच्या पारापर्यंत, तिथून बाजारचौक, मग शाळेच्या मागून घरी. मी आणि माझी जाऊ. याची मजा कमी आहे असं समजू नका जी. कोणाच्या घरी काय शिजलं ते वासावरून कळते. कोणाचं लेकरू दिव्याखाली बसून मोठ्यानं वाचून राहिलं आहे, कोणाकडं पाहुणे आले, कोणाच्या कोठ्यात गाय व्याली. दिवसभर ज्या आजीशी बोलायला सवड नसते ती दारातच बसलेली असते. दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रेचे, दिवस आले की चौकात नाटकाचा मंडप पडतो, वडशाची मंडळी येते, तेव्हा आमची एक फेरी मंडप कुठवर आला ते पाहायची असते. वाट एकच, कारण दुसरी नाहीच. पण गाव रोज वेगळं भेटते.

रानपाखरू · ९ फेब्रुवारी
आमचं गाव टिपेश्वरला लागून, पांढरकवड्याकडं. अगदी हाच अनुभव. पूर्वी वाघ ऐकून माहीत होता, आता पावलं वावरात दिसतात. मी सकाळचं सोडून साडेचार-पाचला निघतो आणि दिवस मावळायच्या आत घरात. कानात वायरी घालून गाणी ऐकत फिरणाऱ्यांना हात जोडून विनंती, जंगलाच्या कडेला ते करू नका. कान मोकळे पाहिजेत. वानरं आणि टिटव्या आधी सांगतात.

सातपुडा_पायथा · ९ फेब्रुवारी
आणि चितळ. चितळाची हाक ऐकली की मागं फिरायचं, पुढं जाऊन बघायचं नाही. मेळघाटच्या पायथ्याशी राहतो, आमच्या कोरकू शेजाऱ्यांनी हे मला पहिल्या महिन्यातच शिकवलं. वाटेवरची विष्ठा, मातीतले ठसे, मोडलेली फांदी हे सगळं ते चालता चालता वाचतात. त्यांच्यासोबत चाललं की माझी नेहमीची वाट मला नव्यानं कळते.

वऱ्हाडी_ठेचा · ९ फेब्रुवारी
धागा फिराले निंगाला अन् जंगलात गेला. कोनीतरी त्याले पांदनीवर आना.

आईचं_अंगण · १० फेब्रुवारी
मी स्वतः अमरावतीला असते, पण हा धागा काल गावी आईला वाचून दाखवला. ती सत्तरीची आहे, गाव अंजनगावकडं. तिनं जे सांगितलं ते इथं लिहावंसं वाटलं.

ती म्हणाली, "बाया पहिलेही फिरायच्या. पण अंधारात." घरी संडास नव्हते तेव्हा पहाटे उजाडायच्या आत आणि रात्री जेवणानंतर बायका गोदरीकडं जायच्या, पाच-सहा जणी मिळून. जायची लाज, साप-विंचवाची भीती, पावसाळ्यात चिखल, आणि रस्त्यानं कोणी बाप्या आला की उठून उभं राहायचं. ते हाल पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नयेत असं ती दोनदा म्हणाली. पण सुनांना घराबाहेर पडून एकमेकींशी बोलायला तेवढीच वेळ मिळायची, हेही तिनं सांगितलं. कोणाला सासरी काय त्रास, कोणाला दिवस गेले, हे त्या वाटेवरच कळायचं. घरोघरी संडास झाले. उघड्यावर बसणाऱ्यांना अडवणारी गुड मॉर्निंग पथकं आली, गेली. वाट साफ झाली. आणि बायका घरात बसल्या.

आता मागच्या दिवाळीपासून तिनं आणि शेजारच्या दोघींनी त्याच वाटेनं सांजच्याला फिरायला जाणं सुरू केलंय. उजेडात, लुगड्यावर बूट घालून. गाडगेबाबांचं शेंडगाव आमच्याच तालुक्यातलं. आई म्हणते, बाबा असते तर आधी त्यांनी ती वाट झाडली असती आणि मग आम्हाला म्हटलं असतं, चाला.

पांदणवाट · १० फेब्रुवारी
आईचं_अंगण ताई, हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. आईंना माझा नमस्कार सांगा. आमच्या गावातली तशीच वाट तळ्याच्या बाजूला आहे आणि मी कधी तिकडं गेले नाही.

धाम_काठ · १० फेब्रुवारी
तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची रामधून आठवली. पहाटे सामुदायिक ध्यान, ग्रामसफाई आणि मग भजन म्हणत गावातून फेरी. आमच्या लहानपणी गावात पुरुष, बायका, लेकरं सगळे असायचे. गाव मिळून फिरायचं याची सवय विदर्भाला नवी नाही. जिथं अजून निघते तिथं नव्यानं काही सुरू करायची गरजच नाही, त्यात सामील व्हावं.

लालपरी · १२ फेब्रुवारी
मी एस्टीत वाहक. मत थोडं वेगळं आहे, ऐकून घ्या.

माझी ड्यूटी पुष्कळदा मुक्कामी गाडीवर लागते. म्हणजे सांजच्याला डेपोतून निघायचं, शेवटच्या गावाला रात्री थांबायचं आणि सकाळी पहिली फेरी घेऊन परत. दिवसभर गाडीत हादरे खाऊन पाय आखडतात. गाव आलं, हिशोब झाला, डबा खाल्ला की ड्रायव्हर भाऊ झोपतात आणि मी निघतो फिरायला. प्रत्येक वेळी गाव वेगळं, गल्ली वेगळी. एका गावात भजन चालू असतं, दुसऱ्यात पोरं लाइटाखाली कॅरम खेळत असतात, तिसऱ्यात नऊ वाजताच चिडीचूप. बॅग आणि खाकी पाहून लोक हाक मारतात, बसा म्हणतात, चहा ठेवतात. आपल्या जिल्ह्यात एवढी गावं आहेत आणि प्रत्येकाची रात्र निराळी, हे मला या फिरण्यानं कळलं. आपल्याच पांदणीत जन्मभर हिंडणाऱ्याला ते कसं कळणार? म्हणून माझं मत, वाट बदला.

कुत्र्यांचं मात्र सांगतो. नव्या गावात रात्री हातात काठी पाहिजे. मारायला नव्हे, नुसती दिसायला. आणि पळायचं नाही.

पांदणवाट · १२ फेब्रुवारी
लालपरी दादा, तुमचं फिरणं वाचून हेवा वाटला. तरी माझं मत तेच आहे. तुम्हाला प्रत्येक गावाची एक रात्र मिळते. त्या गावातलं भजन कालच्यापेक्षा आज का रंगलं, हे तिथं रोज फिरणाऱ्यालाच कळेल.

लालपरी · १२ फेब्रुवारी
खरं आहे मॅडम. पण तुम्हाला एकच भजन ऐकू येईल, मला पन्नास.

पीएचसीवाला · १३ फेब्रुवारी
प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे, बुलढाणा जिल्हा. दोन-चार गोष्टी सांगतो, पण आधी हे की मीही रोज फिरतो आणि तब्येतीसाठी सुरू केलेलं आता तब्येतीसाठी राहिलेलं नाही. सकाळी फिरून आलो की ओपीडीत माणसाचं म्हणणं नीट ऐकू येतं. हा माझ्यापुरता सर्वांत मोठा फायदा.

मोबाइलवर दहा हजार पावलं मोजण्याचा हट्ट पुष्कळ जण धरतात. तो आकडा १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्रामुळं पसरला, कुठल्या तपासणीतून निघालेला नव्हता. २०१९ मध्ये अमेरिकेत वयस्क बायकांचा जो अभ्यास झाला त्यात रोज साडेचार हजारांच्या आसपास पावलांनीही मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं आणि साडेसात हजारांनंतर फायदा फारसा वाढला नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम गतीची हालचाल सुचवते. मॅडमचा पाऊण तास त्याहून पुष्कळ जास्त होतो.

साखरेचा त्रास असणाऱ्यांनी जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं जरूर चालावं, त्यानं जेवणानंतरची साखर कमी चढते. मोहफूल ताई आणि त्यांच्या जाऊबाई नकळत उत्तम काम करत आहेत.

दोन_एकर भाऊंच्या म्हणण्यावरही बोलतो. कष्टात चालणं होतं, पण पाठीवर पंप आणि कंबर वाकलेली. मोकळ्या हातानं, ताठ मानेनं, आपल्या चालीनं चालणं शरीराला वेगळं लागतं. वेचणीहून आलेल्या बाईला मी फिरायला जा म्हणणार नाही, तिला आराम पाहिजे. पण काम नसलेल्या दिवसांत तिनंही निघावं आणि घरच्यांनी तिला निघू द्यावं.

रात्री किंवा पावसाळ्यात पांदणीनं जाणाऱ्यांनी बॅटरी आणि बंद बूट सोडू नयेत. मण्यार रात्रीच फिरते, घोणस वाटेवर पडून असते. चावलंच तर बांधू नका, कापू नका, बाहेरचं पाहत बसू नका, सरळ दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते.

वऱ्हाडी_ठेचा · १३ फेब्रुवारी
डॉक्टरसायेब, बुटाचं बराबर हाय, पन आमच्या काळ्या मातीत पान्याच्या दिवसात बूट एका पायाले किलो-किलो गारा धरते. चार पावलं चाललं की थांबा, काडीनं गारा खरडा, मंग पुढं चाला. आमी जुलै-ऑगस्टात डांबरी रस्ताच धरतो.

पऱ्हे · १४ फेब्रुवारी
प्लास्टिकचे लांब बूट घ्या, रोवणीत आम्ही तेच घालतो. धुवायला सोपे.

बोडी_काठ · १६ फेब्रुवारी
गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगावकडचा. दोन दिवस विचार करत होतो लिहू की नको, पण मॅडमच्या मूळ प्रश्नाचं माझ्याकडं उत्तर आहे असं वाटलं.

आमच्या गावाला जुना मामा (माजी मालगुजारी) तलाव आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी असे तलाव बांधले, आमचा त्यांतलाच. मी रोज सकाळी तलावाच्या पाळीवरून एका टोकापासून सांडव्यापर्यंत जातो आणि परत येतो. वाट सरळ आहे, बदलायची म्हटलं तरी बदलता येत नाही. पण पाणी रोज बदलते. भर पावसात सांडव्यावरून पाणी चालू होते तेव्हा सगळं गाव पाहायला येते. दसऱ्याला धानाला पाणी सुटते, मग दर दिवशी काठ थोडा थोडा खाली सरकते. पाण्यात बुडालेला एक मोठा दगड आहे, तो कोणत्या महिन्यात डोकं काढते त्यावरून आम्ही उन्हाळा कसा जाईल ते बोलतो. थंडीत बाहेरून आलेली बदकं असतात. पाळीखालच्या बांध्यांत धान कापल्यावर लाखोळी पेरलेली असते, तिची निळी फुलं डिसेंबर-जानेवारीत सगळीकडं. कधीमधी सारसाची जोडी येते. आमच्या जिल्ह्यात सारस आता थोडेच उरलेत, म्हणून ते दिसले की मी पाळीवरच खाली बसतो, उभं राहिलं तर उडतील म्हणून.

मला वाटते, वाट बदलायची की नाही हे पायाखालच्या वाटेवर ठरत नाही. जिथं पाणी आहे, पीक आहे, पाखरं आहेत, तिथं एकाच वाटेनं जन्म निघून जाईल.

मोहफूल · १६ फेब्रुवारी
बोडी_काठ दादा, आमच्याकडच्या तलावात शिंगाडा असतो. तोही लिहायला हवा होता जी.

बोडी_काठ · १६ फेब्रुवारी
आहे ना ताई. आणि कमळाचे ढेस. लिहायचं राहिलं.

खारं_पाणी · १७ फेब्रुवारी
तलावाचं निघालंच आहे तर लोणारचं ऐका. आमची रोजची फेरी विवराच्या काठावरून. विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद, उल्का आदळून झालेलं. आम्ही वरून चालतो आणि नजर सारखी खाली पाण्याकडं. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा लोक लांबून पाहायला आले. रोज तिथं फिरणारे आम्ही मात्र आधीच्या उन्हाळ्यात पाणी किती खाली गेलं होतं ते पाहत होतो. पाणी आटून खारटपणा वाढला की त्यात जगणारे सूक्ष्मजीव वाढतात, त्यांच्यामुळं तो रंग आल्याचं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं. माझं मत मॅडमच्या बाजूनं.

शिवधुरा · १९ फेब्रुवारी
सगळे पांदणीची मजा सांगताहेत, पण आमच्या गावची अर्धी पांदण दोन्ही बाजूच्या वावरांत गेली. बंडी तर सोडाच, दोन माणसं जोडीनं जाऊ शकत नाहीत. बाभळीचे काटे टाकून ठेवलेत. फिरायचं कुठं?

गाव_नकाशा · १९ फेब्रुवारी
महसूल खात्यात होतो, आता निवृत्त. शिवधुरा भाऊ, यात रडत बसू नका, उपाय आहे. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत काढा. त्यात गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी दाखवलेला असतो, पायमार्ग एका तुटक रेषेनं. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट, गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ प्रमाणं तहसीलदारांकडं अर्ज करा. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करायचा असतो, म्हणून उशीर नको. शेतात जायला रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३ आहे, त्यात बांधावरून रस्ता मागता येतो.

पण माझा नोकरीतला अनुभव सांगतो. ज्या पांदणीतून रोज माणसं चालतात ती सहसा कोणी दाबत नाही. वापर थांबला की आधी काटे येतात, मग नांगर. पाच-दहा जण रोज सकाळी तिथून फिरायला लागा. माझ्या गावात आम्ही तेच करतो. चालायची मजा आहेच, शिवाय गावाचा रस्ता गावाकडं राहतो.

शिवधुरा · २० फेब्रुवारी
उद्याच नकाशाची प्रत काढायला जातो काकाजी. आभारी आहे.

दोन_एकर · २० फेब्रुवारी
गाव_नकाशा काकाजींचं हे म्हणणं मला शंभर टक्के पटलं. पांदणीचे भांडण कोर्टात गेले की दोन पिढ्या जातात. चालत राहिलं तर भांडणच होणार नाही. यासाठी मी फिरायला तयार आहे.

रानपाखरू · २२ फेब्रुवारी
एप्रिल-मेचं काय करता सगळे? पारा ४५ च्या वर गेला की आमच्याकडं सकाळी आठलाच झळा लागतात.

वऱ्हाडी_ठेचा · २२ फेब्रुवारी
पायटे पाचले निंगाचं, दिवस निंगाला की घरी. नवतपा लागला की थेही बंद, मंग रातच्याला जेवून अंगनातून फाट्यापर्यंत. उपरण्याचा वल्ला फडका डोक्याले. अन् खिशात कांदा, आजी म्हनायची म्हनून.

खामगावकर_पायी · २३ फेब्रुवारी
गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत येते तेव्हा खामगाव ते शेगाव, साधारण १७ किलोमीटर, लाखो माणसं तिच्यासोबत पायी चालतात. एरवी कोपऱ्यावर जायलाही गाडी काढणारे शेजारी त्या रात्री चालतात आणि सकाळी म्हणतात, काहीच वाटलं नाही. त्यातले काही नंतर रोजचं फिरणं धरतात. माझं तसंच सुरू झालं. आता आम्ही आठ-दहा जण रोज गावाच्या शिवेपर्यंत जातो. वाट एकच, पण बोलायचे विषय रोज बदलतात आणि मला तेवढा बदल पुरतो.

पांदणवाट · १४ मार्च
मंडळी, धागा खाली गेला होता, पण सांगितल्याशिवाय राहवेना. पळसाची फुलं गळून वाटेवर सडा पडून गेला, आता चपट्या शेंगा धरल्यात. निंबाला कोवळी, तांबूस पालवी आली. पिंगळे दोघंही आहेत, पण आता एकच बाहेर दिसतो, दुसरा ढोलीतून निघतच नाही. बहुतेक अंडी घातली असावीत. मी थोडं लांबून जाते.

आणि आईचं_अंगण ताईंनी लिहिलेलं मी पालकसभेत वर्गातल्या मुलांच्या आयांना वाचून दाखवलं. दोघी जणी रविवारी माझ्यासोबत आल्या. त्यांतल्या एकीला त्या पांदणीतलं प्रत्येक वावर कोणाचं, कधी घेतलं, कोणी विकलं, सगळं पाठ. मी इतके दिवस फक्त झाडं पाहत होते. आता येताना तिच्या गोष्टी ऐकत येते. तळ्याच्या बाजूची वाट तीच मला दाखवणार आहे, त्यामुळं माझ्या एकाच वाटेच्या दोन होतील असं दिसतं.

आईचं_अंगण · १४ मार्च
आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, मॅडमला म्हणावं, त्या बायांना घरी लवकर सोड, सकाळच्या भाकरी राहतात.

लालपरी · १६ मार्च
पुढच्या महिनाभर मला मुक्कामी गाडी एकाच गावाला लागली आहे, आर्णीकडं. म्हणजे मॅडमचं मत तपासून पाहायची वेळ आली. पण मी आधीच पाहून ठेवलं, गावातून चार दिशांना चार वाटा निघतात. मी चारही फिरणार.

दोन_एकर · १६ मार्च
आर्णीकडं म्हणजे आमच्याच भागात. गावाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा दादा. डबा आणू नका, जेवण माझ्याकडं. जेवून झालं की बॅटरी घेऊ आणि तुम्हाला वावर दाखवतो.